विश्लेषण : निवृत्तीनंतर ‘मिस्ट्री शॉपर’ व्हायचे? डहाणू-तलासरीतील ज्येष्ठांसाठी काम किती आणि सापळा किती?

‘खरेदी करा, जेवा, अभिप्राय द्या आणि कमवा. वयाची अट नाही, निवृत्तांना प्राधान्य.’ अशा धाटणीचे संदेश सध्या अनेक ज्येष्ठांच्या मोबाइलवर येतात. या कामाला ‘मिस्ट्री शॉपिंग’ म्हणजेच गुप्त ग्राहकाचे काम म्हणतात आणि ते खरोखर अस्तित्वात आहे. मात्र त्याच नावाने फसवणूकही होते. डहाणू आणि तलासरीसारख्या तालुक्यांत, जिथे निवृत्तीनंतर घराजवळ मिळणारी कामे मोजकी आहेत, तिथे या दोहोंतला फरक ओळखणे गरजेचे आहे. हे काम नेमके काय असते, ते इथे कितपत मिळू शकते, फसवणूक कशी होते आणि याच कौशल्याचा दुसरा उपयोग काय, याविषयी...

मिस्ट्री शॉपर नेमके काय करतो?

एखाद्या कंपनीला आपल्या दुकानात, पंपावर किंवा शाखेत सामान्य ग्राहकाला कशी वागणूक मिळते, हे जाणून घ्यायचे असते. साहेब तपासणीला गेले की सगळे नीट दिसते. म्हणून कंपनी एका त्रयस्थ संस्थेला काम देते आणि ती संस्था सामान्य माणसाला ग्राहक म्हणून पाठवते.

या माणसाला आधी सूचना मिळतात. कोणत्या दुकानात, कोणत्या वेळेत जायचे, काय विचारायचे, काय विकत घ्यायचे, हे ठरलेले असते. कर्मचाऱ्याने नमस्कार केला का, किती मिनिटे थांबावे लागले, बिल दिले का, नको असलेली वस्तू गळ्यात मारण्याचा प्रयत्न झाला का, हे लक्षात ठेवायचे. तिथे वही काढून लिहायचे नाही. बाहेर आल्यावर ठरलेल्या मुदतीत ऑनलाइन अर्ज भरायचा, बिलाचा फोटो जोडायचा. अहवाल मंजूर झाला की मानधन आणि ठरले असल्यास खरेदीचा खर्च मिळतो.

ही नोकरी नव्हे. पगार, भविष्य निर्वाह निधी, रजा यांपैकी काहीही नसते. एका भेटीमागे एक मानधन, एवढाच व्यवहार असतो. मिळालेली रक्कम करपात्र उत्पन्नात धरली जाते.

ही पद्धत आली कुठून?

अमेरिकेत दुकानांतील नोकर गल्ल्यातील पैसे लांबवतात का, हे पाहण्यासाठी खासगी तपासनीस ग्राहक बनून जात. १९४०च्या दशकात तिथल्या विल्मार्क या कंपनीने ‘मिस्ट्री शॉपिंग’ हा शब्द रूढ केला, असे मानले जाते. पुढे चोरी पकडण्यापेक्षा सेवेचा दर्जा मोजण्यासाठी ही पद्धत वापरली जाऊ लागली.

भारतात तिचा उपयोग संशोधनातही झाला आहे. त्यातले महत्त्वाचे उदाहरण मुंबईचे आहे. २०१४-१५मध्ये मुंबई आणि पाटणा येथे प्रशिक्षण दिलेल्या २४ जणांना क्षयरोगाची लक्षणे सांगणारे रुग्ण म्हणून खासगी डॉक्टरांकडे पाठवण्यात आले. अशा २,६००हून अधिक भेटींची नोंद झाली. त्यातील सुमारे ३५ टक्के भेटींतच रुग्णाला योग्य तपासणी किंवा योग्य सल्ला मिळाला. हा अभ्यास २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. डॉक्टरांना नुसती प्रश्नावली दिली असती, तर हे चित्र समोर आले नसते.

मोनिका हालन आणि रेणुका साने यांनी दिल्लीतील बँक शाखांत याच पद्धतीने अभ्यास केला. गुंतवणुकीचा सल्ला मागणाऱ्या ग्राहकाला बँका काय सुचवतात, हे त्यात तपासले गेले. खर्च, परतावा आणि मुदत यांची माहिती कर्मचारी आपणहून क्वचितच देतात, असे त्यात दिसले. मुदत ठेव करायला जाऊन विमा पॉलिसी घेऊन परतलेल्या ज्येष्ठांना यात नवल वाटणार नाही.

ज्येष्ठांना यात मागणी का असते?

कंपनीला आपल्या खऱ्या ग्राहकांसारखाच माणूस हवा असतो. बँक, औषधांचे दुकान, चष्म्याचे दुकान, विमा, श्रवणयंत्रे इथे येणाऱ्यांत ज्येष्ठ बरेच असतात. पंचविशीतला तरुण निवृत्तिवेतनाच्या खात्याची चौकशी करू लागला तर कोणालाही संशय येईल.

दुसरे कारण वेळेचे. दुपारी अकरा ते तीनमध्ये दुकानात जाणे नोकरदाराला जमत नाही. शिवाय निवृत्त शिक्षक, टपाल कर्मचारी, तलाठी, परिचारिका यांना नीट पाहण्याची आणि नेमके लिहिण्याची सवय असते.

गरजेचाही भाग आहेच. २०१७-१८च्या देशव्यापी ‘लासी’ सर्वेक्षणानुसार ६० वर्षांवरील सुमारे ३६ टक्के लोक काम करत होते. राज्यातील श्रावणबाळ योजनेत निराधार वृद्धांना महिन्याला १,५०० रुपये मिळतात. त्यात शंभर-दोनशे रुपयांची भरही मोठी वाटते. फसवणूक करणाऱ्यांनाही हे माहीत आहे.

डहाणू-तलासरीत अडचण कोणती?

पहिली अडचण ओळखीची. गुप्त ग्राहक हा अनोळखी असावा लागतो. डहाणूच्या बाजारात निवृत्त गुरुजी दुकानात शिरले की दुकानदार आधी ‘सर, बसा’ म्हणतो, कारण तो त्यांचाच विद्यार्थी असतो. तलासरीत तर बँकेतला शिपाई, पंपावरचा पोरगा आणि मेडिकलवाला तिघेही नावाने हाक मारतात. अशा भेटीतून सामान्य ग्राहकाला मिळणारी वागणूक कळत नाही, ‘सरांना’ मिळणारी वागणूक कळते.

दुसरी अडचण कामाच्या प्रमाणाची. अशा भेटी प्रामुख्याने साखळी दुकाने, मॉल, वाहनांची दालने, मोठ्या बँका आणि हॉटेले यांच्यासाठी असतात. मुंबई, ठाणे, वसई-विरार किंवा वापी पट्ट्यात ती भरपूर आहेत. या दोन तालुक्यांत महामार्गावरचे पंप, काही बँक शाखा, दुचाकींची दालने आणि डहाणू-बोर्डी किनाऱ्यावरची हॉटेले एवढाच वाव दिसतो. तिथेही तोच माणूस पुन्हा पुन्हा पाठवता येत नाही.

तिसरी अडचण प्रवासाची. डहाणू शहर पश्चिम रेल्वेवर आहे आणि एप्रिल २०१३पासून तिथवर लोकल येते. तलासरी मुंबई-अहमदाबाद महामार्गावर आहे, पण तिथे रेल्वे स्थानक नाही. मेल-एक्स्प्रेसमधील ज्येष्ठांची सवलत मार्च २०२०मध्ये बंद झाली. एसटीत ६५ ते ७५ वयोगटाला निम्मे भाडे आणि ७५ वर्षांवरील प्रवाशांना ऑगस्ट २०२२पासून मोफत प्रवास आहे, पण तो राज्याच्या हद्दीपुरता. तलासरीहून जवळ असलेले भिलाड आणि वापी गुजरातमध्ये येतात.

चौथी अडचण भाषेची. इथे मराठी, गुजराती आणि वारली सहज बोलल्या जातात, मात्र अहवालाचे अर्ज बहुधा इंग्रजीत असतात.

पैसे किती सुटतात?

एक हिशेब मांडून पाहू. यातले आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत. समजा, तलासरीजवळच्या एका पंपाला भेट देण्याचे मानधन ३५० रुपये ठरले. डहाणूहून जाण्या-येण्याचा बस आणि रिक्षाचा खर्च १२० रुपये. प्रवास आणि थांबणे मिळून चार तास, अहवालाला दीड तास. हातात उरले २३० रुपये आणि वेळ गेला साडेपाच तास. म्हणजे तासाला सुमारे ४२ रुपये. अहवालात एक फोटो कमी पडला म्हणून तो नाकारला गेला, तर प्रवासखर्चही अंगावर.

म्हणजे वेळ असलेल्या, फिरण्याची आवड असलेल्या आणि महिन्यातून काही दिवस मुंबईत मुलाकडे राहणाऱ्या निवृत्तासाठी हा चांगला विरंगुळा ठरू शकतो. घरखर्च भागवण्याचे साधन म्हणून त्याकडे पाहता येत नाही. जो कोणी ‘महिना ३० हजार नक्की’ असे सांगतो, त्याच्याविषयी तिथेच शंका घ्यावी.

फसवणूक कशी होते?

अमेरिकेत या नावाने होणारी फसवणूक बनावट धनादेशाची असते. ‘ग्राहकाला’ मोठ्या रकमेचा धनादेश येतो. तो खात्यात भरून त्यातल्या पैशांनी गिफ्ट कार्ड घ्या आणि क्रमांक कळवा, असे सांगितले जाते. काही दिवसांनी धनादेश बनावट निघतो आणि सगळा भार खातेदारावर पडतो.

आपल्याकडे तोच खेळ व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवर ‘टास्क’च्या रूपात चालतो. टप्पे ठरलेले असतात. आधी हॉटेलला किंवा दुकानाला पाच तारे देण्याचे सोपे काम मिळते आणि खात्यात दीडशे-दोनशे रुपये खरोखर जमा होतात. विश्वास बसतो. मग एका गटात घेतले जाते. तिथे इतर ‘सदस्य’ हजारोंच्या कमाईचे फोटो टाकत असतात. त्यातले बहुतेक त्याच टोळीतले. त्यानंतर ‘प्रीपेड टास्क’ येतो. आधी १,००० भरा, १,३०० परत मिळतील. ते मिळतातही. पुढच्या वेळी ५,००० भरले की रक्कम अडकते आणि ती सोडवण्यासाठी ‘कर’ किंवा ‘दंड’ म्हणून आणखी पैसे मागितले जातात.

पाच हजार रुपये म्हणजे श्रावणबाळ योजनेचे तीन महिन्यांहून अधिक काळाचे पैसे. बहुतेक ज्येष्ठ लाजेपोटी मुलांना सांगत नाहीत आणि गेलेले परत मिळवण्यासाठी आणखी भरत जातात.

याचा आणखी धोकादायक प्रकार म्हणजे ‘बँकेची सेवा तपासा’ असे सांगून तुमच्या खात्यात पैसे पाठवणे आणि ते पुढे दुसऱ्या खात्यात वळवायला लावणे. ते पैसे दुसऱ्या कुणाच्या तरी फसवणुकीतले असतात. अशा खात्याला ‘म्यूल खाते’ म्हणतात. तपास सुरू झाला की आधी तेच गोठवले जाते. त्यात निवृत्तिवेतन येत असेल, तर तेही अडकते.

डिसेंबर २०२३मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राच्या शिफारशीवरून अशा ‘टास्क’ आणि गुंतवणुकीच्या जाळ्यातील १००हून अधिक संकेतस्थळे बंद करण्यात आली. संकेतस्थळे बंद झाली तरी पद्धत तीच राहते, नावे बदलतात.

खरी संस्था ओळखायची कशी?

सर्वांत सोपी कसोटी पैशांच्या दिशेची आहे. खऱ्या कामात पैसे संस्थेकडून तुमच्याकडे येतात. नोंदणी शुल्क, प्रशिक्षण शुल्क, ओळखपत्राची अनामत, ‘प्रमाणपत्र’ यांसाठी पैसे मागितले की तिथेच थांबावे. खरेदीपुरते पैसे आधी खर्च करावे लागू शकतात, पण ते दुकानात, वस्तू घेऊन आणि बिलासह. कुणाच्या वैयक्तिक यूपीआय क्रमांकावर नव्हे.

दुसरे, पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीही टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे खात्यातून पैसे गेले.

तिसरे, खरी संस्था आधी लेखी सूचना देते, भेटीचे ठिकाण नेमके सांगते आणि सविस्तर अहवाल मागते. केवळ पाच तारे देण्याचे पैसे देणारा सेवा तपासत नसतो, खोटे अभिप्राय विकत घेत असतो.

चौथे, या क्षेत्राची ‘एमएसपीए’ ही संघटना १९९८मध्ये अमेरिकेत स्थापन झाली आणि तिच्या सभासद संस्थांची यादी उघडपणे पाहता येते. मात्र नामांकित संस्थेच्या नावानेही बनावट संदेश येतात. त्यामुळे संदेशातील दुव्यावर न जाता संस्थेचे संकेतस्थळ स्वतः शोधून तिथूनच नोंदणी करावी.

पैसे गेलेच तर?

क्षणाचाही विलंब न करता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवावी. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरत असतानाच ते गोठवता येतात. एकदा काढून घेतले की मार्ग कठीण होतो. त्यासाठी व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि ज्या खात्यात पैसे गेले त्याचा तपशील जवळ ठेवावा. गप्पांचे स्क्रीनशॉट पुसून टाकू नयेत.

संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांत ग्राहकाला संरक्षण देणारे रिझर्व्ह बँकेचे नियम २०१७पासून आहेत. पण स्वतः पिन टाकून पाठवलेले पैसे त्या संरक्षणात सहजासहजी बसत नाहीत. म्हणून इथे वेळ महत्त्वाची ठरते. पैसे गेले नसतील, नुसता संशयास्पद फोन किंवा संदेश आला असेल, तर मार्च २०२४मध्ये सुरू झालेल्या ‘संचार साथी’वरील ‘चक्षू’ सुविधेत त्याची माहिती देता येते.

ओळख न लपवता हेच काम करता येते का?

येते, आणि गावात ते अधिक उपयोगी ठरू शकते. गुप्त ग्राहक जे पाहतो, त्यातले बरेचसे पाहण्याचा हक्क प्रत्येक ग्राहकाला आहेच.

पेट्रोल पंपावर माप कमी वाटले तर पाच लिटरच्या प्रमाणित मापाने मोजून दाखवण्याची मागणी करता येते. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतच फरक चालतो. भेसळीचा संशय आल्यास फिल्टर पेपरची चाचणी मागता येते. हवा, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह मोफत असायला हवे. महामार्गावरच्या पंपांवर हे रोज तपासता येण्यासारखे आहे.

घरगुती गॅस सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. रिकाम्या टाकीचे वजन तिच्यावरच लिहिलेले असते. दारात वजन करून मागता येते. पाण्याची बाटली किंवा दुधाची पिशवी ‘कूलिंग’च्या नावाखाली छापील किमतीपेक्षा जास्त दराने विकता येत नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. याविषयी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणांना शुल्क नाही.

महाराष्ट्राला ही परंपरा नवी नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले आणि १९७५मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. ग्राहकाने बिल मागावे, वजन पाहावे आणि चार जणांनी मिळून विचारावे, हा त्यामागचा साधा विचार होता.

रेशन दुकानात याचा उपयोग काय?

डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात आणि इथली बहुसंख्य वस्ती आदिवासी आहे. वयस्कर माणसाचा सर्वांत नियमित ‘ग्राहक अनुभव’ मॉलमधला नसतो, रेशन दुकानातला असतो. अन्न सुरक्षा कायद्यानुसार अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबातील प्रत्येकाला पाच किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३पासून ते मोफत आहे. म्हणजे त्यासाठी पैसे मागितले, तर तीच तक्रार झाली.

आयुष्यभर शेतात, वाडीत, वीटभट्टीवर राबलेल्या हातांचे ठसे झिजलेले असतात. ई-पॉस यंत्र अंगठा ओळखत नाही आणि म्हातारी माणसे रिकामी पिशवी घेऊन परततात. ठसा जुळला नाही एवढ्याच कारणाने धान्य नाकारू नये, अशा केंद्राच्या सूचना २०१७पासून आहेत. पण त्या दुकानात कोणी तरी सांगाव्या लागतात.

शहरातल्या कंपन्या पैसे मोजून जे शोधतात, ते इथे पैसे न मोजता दिसते. निवृत्त गुरुजींना दुकानदार पावती हातात देतो. त्यांच्यामागे उभ्या असलेल्या वारली आजींना ती मिळते का, हे गुरुजींनी पाच मिनिटे थांबून पाहिले तरी कळते. त्यासाठी वेश बदलावा लागत नाही, उलट इथे त्यांची ओळखच कामी येते.

कायद्यात त्यासाठी जागाही आहे. कलम २८मध्ये रास्त भाव दुकानांच्या सामाजिक अंकेक्षणाची तरतूद आहे. कलम २९मध्ये राज्यापासून थेट दुकानापर्यंत दक्षता समित्या सांगितल्या आहेत आणि त्यांत अनुसूचित जमाती, महिला, निराधार व अपंग व्यक्तींना प्रतिनिधित्व द्यायचे आहे. आपल्या दुकानाची समिती कोणती, तिची शेवटची बैठक कधी झाली, हे ग्रामसभेत किंवा तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत विचारता येते. धान्याविषयीच्या तक्रारीसाठी १९६७ हा क्रमांक आहे.

सुरुवात कशी करावी?

एका साध्या वहीत तारीख, वेळ, दुकान, काय मागितले, काय मिळाले आणि पावती मिळाली की नाही, एवढ्या सहा गोष्टी लिहाव्यात. ऐकीव माहिती लिहू नये. एकट्याने वाद घालू नये आणि कुणाचे चोरून चित्रीकरण करू नये. आंतरराष्ट्रीय पातळीवरही गुप्त ग्राहकांसाठी आचारसंहिता आहे. एखाद्या कर्मचाऱ्याला खिंडीत गाठणे हा त्यांचा उद्देश नसतो, सेवा सुधारणे हा असतो. पंपावरचा मुलगा किंवा दुकानातला हमाल हाही आपल्याच गावचा असतो.

तीन महिन्यांच्या नोंदी असलेली अशी वही ग्रामसभेत वाचून दाखवली, तर ‘आमच्याकडे तक्रारच नाही’ असे सांगणे अवघड होते. मानधन मिळवून देणारे काम मुंबईत किंवा वापीत मिळाले तर जरूर करावे. पण ज्येष्ठांच्या नजरेची खरी गरज त्यांच्याच पाड्यातल्या दुकानाला आहे आणि तिथे जायला कुणाला नोंदणी शुल्क भरावे लागत नाही.